सतरा नंबरची वही

"आणि हे वाचणार कोण?" रेमुस होल्बानने विचारलं.

वही त्याने उलटीपालटी करून पाहिली. राखाडी पुठ्ठ्याची, शाळेच्या वहीपेक्षा जराशी लहान. एका पानावर एक दिवस. किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात, मध्ये किती वेळा जाग आली, कामावर असताना झापड आली का.

"मी," वेतुरिया म्हणाली. "आधी मी वाचते. मग आकडे कॉम्प्युटरमध्ये घालते. मग प्रोफेसर लास्कु त्या आकड्यांकडे बघतात."

"आणि आमचे साहेब?"

"नाही."

"मंत्रालय?"

"त्यांना नुसती सरासरी जाते. देशभरातले चौसष्ट हवाई कंट्रोलर मिळून एक आकडा. हे बघा, नाव लिहायला इथे जागाच नाही. तुम्ही सतरा नंबर."

"लॉटरीत कधी लागला नाही हा नंबर," रेमुस म्हणाला आणि एकदम बोट वर करून तिला गप्प केलं. रेडिओवर कुणीतरी खरखरत होतं. त्याने शांतपणे उत्तर दिलं, वाऱ्याचा वेग सांगितला, समोरच्या कागदी पट्टीवर काहीतरी टिपून ठेवलं आणि मग पुन्हा तिच्याकडे वळला. वेतुरियाला हे नवीन नव्हतं. कंट्रोलर लोकांशी बोलायचं तर वाक्य मध्येच हातात धरून उभं राहायची सवय लागते.

मोलिदेनीचा विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक टॉवर आणि सकाळ-संध्याकाळ बुखारेस्टचं विमान. शिवाय आठवड्यातून चारदा इटलीची विमानं, कामाला जाणारी माणसं भरभरून नेणारी. टॉवरमध्ये एका पाळीला एकच माणूस. बारा तास. नियमाने सहा कंट्रोलर असायला हवे होते, होते चार.

"खरं लिहायचं?" रेमुसने विचारलं.

"खरंच लिहा. नाहीतर माझा पाच तासांचा रेल्वेचा प्रवास फुकट. आणि हे शेवटचं बघा." तिने पानाच्या तळाशी बोट ठेवलं. 'आणखी काही सांगायचं आहे?' असं छापलं होतं आणि पुढे चार रेघा मोकळ्या. "हे माझं. छापायला जायच्या आधी मीच प्रोफेसरांच्या मागे लागून घालायला लावलं. आकड्यांत सगळं येत नाही, म्हटलं."

ती हे जरा अभिमानानेच म्हणाली. एकतीस वर्षांच्या नोकरीत संस्थेच्या कामात तिने स्वतःहून घातलेल्या या चारच रेघा होत्या. विमानांचे अपघात का होतात, विमानतळ कुठे कमी पडतात, याचा अभ्यास करणारी ती सरकारी संस्था. वेतुरिया दामशा तिथे सहायक. आधी कॉम्प्युटरची कार्डं पंच करायची, मग तक्ते आखायची, आता आकडे भरायची. अभ्यासाच्या पहिल्या पानावर तिचं नाव कधी आलं नव्हतं आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं.

जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज आला आणि निळ्या डगल्यातला एक म्हातारा वर आला. हातात कागदाची पुडी. तो इलारिए. उन्हाळ्यात धावपट्टीच्या कडेचं गवत कापायचं, हिवाळ्यात बर्फ बाजूला सारायचं, सगळं एकाच ट्रॅक्टरवर. विमानतळावर सगळे त्याला वडीलकीच्या मानाने 'नेआ इलारिए' म्हणत.

"बुखारेस्टच्या पाहुण्या आल्यात असं कळलं," त्याने पुडी उघडून तिच्यासमोर धरली. गरम, खसखस लावलेली पावाची कडी होती. "घ्या दोआम्ना, बाईसाहेब. हा तुम्हाला काही खायला देणार नाही. याच्याकडे नुसती कॉफी."

"नेआ इलारिए, बाई झोपेवर अभ्यास करतात."

"मग माझ्याकडे यायचं! मी बसल्याजागी झोपतो, ट्रॅक्टर चालू असला तरी. मला नाही का वही?"

"ट्रॅक्टरवाल्यांचा अभ्यास मंजूर नाही झालेला," वेतुरिया म्हणाली.

"बघा. आम्ही झोपलो काय नि जागलो काय, मंत्रालयाला सोयरसुतक नाही." तो खुर्चीवर टेकला. "पुढच्या वर्षी पेन्शन. मग वहीशिवायच झोपीन."

निघताना वेतुरियाने रेमुसकडून कागदावर सही घेतली आणि प्रोफेसरांच्या सहीची एक प्रत त्याला दिली. 'ही माहिती या अभ्यासाबाहेर कुठेही वापरली जाणार नाही.' त्याने ती घडी करून खिशात घातली, न वाचता. "तुम्ही सांगितलंत ना, झालं," तो म्हणाला.

वह्या दर महिन्याला टपालाने येत. बुखारेस्टच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीपाशी, वेतुरिया त्या वाचायची. आकडे भरायला प्रत्येक पानाला अर्धं मिनिट पुरत असे, पण ती खालच्या चार रेघांसाठी थांबे. बहुतेकांच्या त्या कोऱ्याच असत. कुणी लिही, 'शेजाऱ्याचा कुत्रा.' कुणी लिही, 'मुलीचं लग्न ठरलं, म्हणून झोप नाही.' सतरा नंबर मात्र चारही रेघा भरे, कधी समासात उतरे.

'आईला पक्षाघात होऊन आठ महिने झाले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. मी पाळीवर असताना शेजारीण बघते. घरी असलो की मीच. म्हणून जाग चार वेळा असं लिहिलंय, पाच वेळाही असेल.'

'बहीण तोरीनोला एका इटालियन म्हातारीला सांभाळते. ती तिथे त्यांच्या आईला वळवते, मी इथे आमच्या. आज फोनवर दोघं हसलो.'

'आज बर्फ. नेआ इलारिएने नऊ वेळा पट्टी साफ केली. दोघांचेही डोळे लाल. तो म्हणतो, त्याचे पलिंका पिऊन, माझे कर्तव्याने.'

वेतुरिया हसली. तिच्या स्वतःच्या आईला जाऊन बारा वर्षं झाली होती, तिने लग्न केलं नव्हतं आणि घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. ती दर महिन्याला त्या पाकिटाची वाट बघू लागली. हे काही अभ्यासात बसणारं नव्हतं.

फेब्रुवारीच्या वहीत एका पानावर अक्षर वेडंवाकडं होतं.

'काल साहेबांना फोन करून सांगितलं, की मी छत्तीस तासांत तीन तास झोपलोय, कामावर बसण्याच्या लायकीचा नाही. नियमात तसं सांगायला सांगितलंय. बदलीला कुणी नव्हतं. विमानतळ दिवसभर बंद ठेवावा लागला. इटलीला निघालेली दीडशे माणसं बाकड्यांवर. एका बाईची तिकडची नोकरी त्या एका दिवसाने गेली, ती खाली उभी राहून मला शिव्या देत होती. साहेब म्हणाले, होल्बान, पुन्हा असं केलंस तर विमानतळच बंद करतील, मग आईच्या औषधांचं तू बघ. ते रागाने नाही म्हणाले. त्यांचंही खरं आहे.'

ते पान तिने दोनदा वाचलं. त्याच महिन्यात प्रोफेसर लास्कुंनी मधला अहवाल मंत्रालयाला पाठवला होता. छोट्या विमानतळांवर टॉवरमध्ये एकटा माणूस ठेवू नये, थकवा धोक्याच्या रेषेपलीकडे आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मंत्रालयाचं उत्तर एका ओळीचं आलं. अहवाल मिळाला, आभार, अभ्यास आणखी एक वर्ष चालवून आकडे पक्के करावेत.

मार्चच्या वहीत चौदा तारखेला लिहिलं होतं, 'दुपारी खुर्चीत डोळा लागला. चार मिनिटं असेल. आकाशात कुणी नव्हतं. उद्या पुन्हा पाळी आहे.'

वेतुरिया वही घेऊन थेट प्रोफेसरांच्या खोलीत गेली. लास्कु भला माणूस होता, बोलताना चष्मा पुसायची सवय असलेला. त्यांनी पान वाचलं आणि चष्मा पुसायला घेतला.

"कुणाला तरी सांगायला हवं," वेतुरिया म्हणाली.

"कुणाला?"

"त्यांच्या साहेबांना. मंत्रालयाला."

"काय सांगायचं? मोलिदेनीचा एक कंट्रोलर झोपतो? तिथे चार आहेत, वेतुरिया. तासाभरात कळेल कोण ते. उद्या त्याचा परवाना जाईल. आणि परवा बाकीचे त्रेसष्टजण वह्या चुलीत घालतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

प्रोफेसरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. "मी अहवालात लिहिलंय ना. ठळक अक्षरात लिहिलंय. आणखी काय करू, सांग."

संध्याकाळी कामावरून घरी जाताना तिने टपाल कार्यालयाच्या बाहेरून रेमुसला फोन केला. अभ्यासातल्या माणसाशी असं बोलायचं नाही हा नियम तिनेच टाइप केलेला होता.

"दोआम्ना वेतुरिया!" त्याच्या आवाजात खरंच आनंद होता. "वही चुकलीय का माझी?"

"वही बरोबर आहे. रेमुस, रजा घ्या. पंधरा दिवस तरी घ्या."

पलीकडून तो हसला. थट्टेचं हसू नव्हतं. "माझ्या जागी कोण बसेल, तुम्ही? एक आजारी आहे, एक परीक्षेला गेलाय. आम्ही दोघं आलटून पालटून बसतोय. उन्हाळ्यात नवीन मुलगी येणार म्हणतात. तोवर काढतो."

"मला काळजी वाटते."

"तेवढं ऐकूनच बरं वाटलं. लिहितो ना मी सगळं? तुम्ही वर पोचवा. कधीतरी कुणीतरी वाचेलच."

जूनच्या अकरा तारखेला दुपारी संस्थेच्या खानावळीत वेतुरिया आंबट सूप घेऊन बसली होती. रेडिओवर बातम्या लागल्या. मोलिदेनी हे नाव तिने ऐकलं आणि चमचा तसाच हातात राहिला.

हकिगत साधीच होती, आणि हळूहळू कळत गेली. गवत कापायला इलारिएने धावपट्टी ओलांडायची परवानगी मागितली. रेमुसने दिली. मध्यावर ट्रॅक्टरचं पातं धावपट्टीवरच्या दिव्याच्या खोबणीत अडकलं, म्हणून तो उतरून ते सोडवत बसला. चौदा मिनिटांनी बुखारेस्टच्या विमानाने उतरायची परवानगी मागितली. रेमुसने तीही दिली. लख्ख ऊन होतं. टॉवरच्या काचेतून ट्रॅक्टर स्पष्ट दिसत होता. रेमुस त्याच्याकडे बघत होता आणि त्याला तो दिसला नाही. पायलटला दिसला तेव्हा चाकं टेकलेली होती. त्याने विमान जिवाच्या आकांताने बाजूला काढलं. एकेचाळीस प्रवासी खरचटण्यावर वाचले. इलारिए विमानाच्या पंख्याने जागच्या जागी गेला. पेन्शनला सहा महिने राहिले होते.

वेतुरियाने सूप परत ठेवलं आणि जिने चढून वर गेली. मे महिन्याची वही टेबलावर होती, अजून भरायची राहिलेली. ती तिने उघडली नाही.

आठ दिवसांनी सरकारी वकील प्रिकोपबाई संस्थेत आल्या, बरोबर दोन हवालदार. चाळिशीच्या, नीटनेटक्या, आवाज न चढवणाऱ्या.

"होल्बानने स्वतःच सांगितलं," त्या म्हणाल्या. "म्हणाला, मी थकलोय हे सात महिने लिहून देतोय, बुखारेस्टला जाऊन विचारा, सगळं वहीत आहे, सतरा नंबर. म्हणून आलो."

वेतुरियाला क्षणभर बरं वाटलं, हे तिने पुढे कुणाला सांगितलं नाही. त्याने स्वतःच मागितल्या होत्या वह्या. त्यांत आई होती, बहीण होती, फेब्रुवारीतला दिवस होता. कुणीतरी एकदाचं वाचणार होतं. तिने कपाट उघडून सतरा नंबरच्या सात वह्या काढून टेबलावर ठेवल्या, कडा जुळवून.

"बाकीच्याही द्या," प्रिकोपबाई म्हणाल्या.

"बाकीच्या दुसऱ्यांच्या आहेत."

"तेच हवंय. दुसरे किती झोपत होते ते बघायला लागेल. आणि नंबर कुणाचा कोणता, ती यादी."

"ते नाही देता येणार. आम्ही शब्द दिलाय. लेखी दिलाय." वेतुरियाने फायलीतून सहीचा कागद काढून पुढे केला. बाईंनी तो शेवटपर्यंत वाचला. चेष्टा केली नाही.

"दोआम्ना दामशा, यावर तुमच्या प्रोफेसरांची सही आहे. न्यायालयाची नाही. माझ्याकडच्या कागदावर आहे."

वेतुरियाने लास्कुंकडे पाहिलं. ते दारात उभे होते. चष्मा हातात होता, पण पुसत नव्हते.

"दे," ते म्हणाले. "दे, वेतुरिया. आपल्या हातात नाहीये ते."

हवालदारांनी वह्या केळ्यांच्या खोक्यांत भरल्या. दोन खोकी झाली. यादी तिच्याच अक्षरातली होती, ती दिल्याची नोंदही तिनेच लिहिली.

खटला ऑक्टोबरमध्ये मोलिदेनीच्या जिल्हा न्यायालयात उभा राहिला. वेतुरियाला साक्षीचं बोलावणं आलं. पाच तासांचा तोच प्रवास करून ती पोचली आणि बाहेरच्या बाकावर बसली. शेजारी काळा रुमाल बांधलेली एक बाई होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

"तुम्ही कोणाच्या?" बाईने विचारलं.

"मी... साक्षीला आलेय. बुखारेस्टहून."

"मी इलारिएची. फिरुत्सा." ती म्हणाली. "होल्बानला मी ओळखते. आमच्याकडे जेवलाय तो. वाईट नाही माणूस." पिशवीचा बंद ती बोटाला गुंडाळत होती. "पण कुणीतरी सांगायला नको का मला, की हे कुणामुळे झालं? एवढा मोठा माणूस गेला माझा. गवत कापायला गेला आणि गेला. कुणामुळेच नाही, असं कसं चालेल?"

वेतुरियाच्या कपाटात सात महिने उत्तर पडून होतं, पण ते सरासरीत होतं.

साक्षीच्या पिंजऱ्यात प्रिकोपबाईंनी तिला वही दाखवून हे तुमच्या संस्थेचंच का, सतरा नंबर म्हणजे आरोपीच का, एवढं विचारलं. हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मग चौदा मार्चचं पान वाचायला सांगितलं. वेतुरियाने वाचलं. 'दुपारी खुर्चीत डोळा लागला. चार मिनिटं असेल.' मग शेवटचं वाक्य. 'उद्या पुन्हा पाळी आहे.'

"म्हणजे आपण कामावर झोपतो हे आरोपीला मार्चमध्येच माहीत होतं," प्रिकोपबाई म्हणाल्या. "आणि तरी तो दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसला."

रेमुसचा वकील तरुण होता, पण त्याने वह्या वाचलेल्या होत्या. तो उठला आणि म्हणाला, "आता फेब्रुवारीचं पान वाचा."

वेतुरियाने ते पान न शोधताच उघडलं. तिला ते पाठ होतं. तिने सावकाश, प्रत्येक शब्द नीट उच्चारत वाचलं. छत्तीस तासांत तीन तास. बदलीला कुणी नाही. दीडशे माणसं बाकड्यांवर. साहेब काय म्हणाले ते. वाचताना तिला वाटत होतं, आता कळेल. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं होतं, ते ऐकत होते. आरोपीच्या जागी रेमुस मान वर करून बसला होता. त्यालाही तसंच वाटत असावं.

वकील बसला. प्रिकोपबाई पुन्हा उठल्या. त्यांना त्यात आनंद होत होता असं म्हणता येणार नाही.

"म्हणजे 'मी आज काम करू शकत नाही' असं सांगता येतं, हे आरोपीला ठाऊक होतं. फेब्रुवारीत त्याने सांगितलं होतं. विमानतळ बंद ठेवला गेला, कुणी मेलं नाही. अकरा जूनला त्याने सांगितलं नाही."

कोर्टात कुणीतरी खोकलं. वेतुरियाने कठड्याला धरलं.

"नाही, पण असं नाहीये ते," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्या वह्या एकत्र वाचा. चौसष्टच्या चौसष्ट. तिथे दुसरा माणूस हवा असं आम्ही लिहून दिलं होतं, तो अहवाल..."

"दोआम्ना," न्यायाधीश म्हणाले, "विचारलं तेवढंच सांगा."

"मला काहीच विचारलेलं नाही हो अजून."

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी तिला जायला सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत रेमुस पायऱ्यांवर भेटला. कोट ढिला झाला होता. तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"मी दिल्या वह्या," वेतुरिया म्हणाली.

"मीच सांगितलं होतं द्यायला."

"लिहा म्हणून मी सांगितलं होतं. त्या रेघाच नसत्या तर..."

"तसं नका बोलू." त्याने घड्याळात पाहिलं. "त्या रेघांनी हिवाळा काढला माझा. दुसरं कोण विचारत होतं?" मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी नेआ इलारिएला बघत होतो हो. सरळ बघत होतो. अजून बघतो. एवढा मोठा लाल ट्रॅक्टर. वकिलाला मी म्हटलं, मला वाचवू नका, फक्त कसं झालं ते शोधा. तो म्हणाला, ते या कोर्टाचं काम नाही."

त्याने पुन्हा घड्याळ बघितलं. "निघतो. शेजारणीला एकपर्यंतच वेळ आहे. आईला वळवायचंय."

शिक्षा अडीच वर्षांची झाली, स्थगित. परवाना कायमचा गेला. साहेबांवर काही आलं नाही, कारण नियमाप्रमाणे सांगायची जबाबदारी कंट्रोलरचीच होती. मंत्रालयाने मोलिदेनीच्या टॉवरसाठी दुसरी खुर्ची मंजूर केली. खुर्ची आली. तिच्यावर बसायचा माणूस मंजुरीच्या दुसऱ्या टप्प्यात होता. रेमुसला गावातल्या लाकडाच्या वखारीत काम मिळालं, ट्रकमागे उभं राहून फळ्या मोजायचं. वेतुरियाने त्याला नवीन वर्षाचं कार्ड पाठवलं. उत्तर आलं नाही, तिनेही अपेक्षा केली नव्हती.

हिवाळाभर टपालाने वह्या येत राहिल्या. अभ्यास अजून संपलेला नव्हता, मंत्रालयाला आकडे पक्के हवे होते. वेतुरिया पाकिटं फोडायची आणि आकडे भरायची. आता खालच्या चार रेघांसाठी थांबावं लागत नव्हतं. एकाही वहीत त्या भरलेल्या नव्हत्या. वरचे आकडेही सोपे झाले होते. आठ. साडेसात. आठ. जाग, शून्य. झापड, नाही. फेब्रुवारीत प्रोफेसर लास्कुंनी तक्ता काढला. थकव्याची रेघ वर्षभरात निम्म्यावर उतरली होती. मंत्रालयाचं पत्र यावेळी पानभर आलं. सुधारणा समाधानकारक असून व्यवस्थेची कामगिरी उंचावल्याचं दिसतं, असं त्यात होतं.

"खोटं आहे हे," वेतुरिया म्हणाली.

"माहीत आहे," लास्कु म्हणाले. "पण आकडा खोटा आहे हे सिद्ध करायला दुसरा आकडा लागतो. आहे तुझ्याकडे?"

मार्चमध्ये शेवटची फेरी होती. या वेळी वह्या हातोहात द्यायच्या, माणसांशी बोलायचं, त्यांना विश्वासात घ्यायचं, असं ठरलं. मोलिदेनी तिच्याच वाट्याला आलं.

टॉवरमध्ये नवीन मुलगी होती. स्मारांदा तिचं नाव, सत्तावीस-अठ्ठावीसची, केस वर बांधलेले, डोळ्यांखाली निळसर काळं. तिने उठून दोन्ही हातांनी वेतुरियाचा हात हातात घेतला, रिकाम्या खुर्चीवर बसवलं, कॉफी ओतली. खूप गोड बोलली. प्रवास कसा झाला, बुखारेस्टला थंडी किती. खाली धावपट्टीच्या कडेला वाळलेलं गवत गुडघाभर वाढलेलं होतं.

वेतुरियाने पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. आता माहिती बाहेर कुठे जाणार नाही हे वाक्य म्हणायचं होतं. बत्तीस वर्षांत तिने ते कितीतरी टॉवरमध्ये म्हटलेलं होतं. तिने तोंड उघडलं.

"हे तुमच्या नावाने..."

तिने कॉफीचा कप उचलला आणि पुन्हा ठेवला.

स्मारांदाने थोडी वाट पाहिली. मग वही स्वतःकडे ओढली, उघडली आणि खिशातलं पेन काढलं. रेडिओ शांत होता. पहिल्या पानावर तिने झोपण्याची वेळ लिहिली, उठण्याची वेळ लिहिली, आठ लिहिलं, शून्य लिहिलं, नाही लिहिलं. पान उलटलं. दुसऱ्या दिवसाचं लिहिलं. तो दिवस उद्या उजाडायचा होता. तिसऱ्याचं लिहिलं. हात भराभर चालत होता, अक्षर सुरेख होतं. चेहऱ्यावर ना राग होता ना लाज. पाहुणीला परत फेरी पडू नये म्हणून केलेल्या कामासारखं ती ते करत होती.

वेतुरिया तिच्याकडे बघत बसली. थांब म्हणावं असं तिला वाटत होतं. थांबवून काय सांगायचं, ते तिच्याजवळ नव्हतं.

सातव्या पानाशी पेन थांबलं. स्मारांदाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवली, बोटावर काहीतरी मोजलं आणि वेतुरियाकडे पाहिलं.

"हा रविवार येतो," ती म्हणाली. "नऊ तास लिहू?"

"लिहा," वेतुरिया म्हणाली.